गोडीचा पत्ता

बुलढाण्याहून खामगावला माझी बदली झाली तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. मुलगी नागपूरला शिकत होती, नवरा बुलढाण्यातच एका शाळेवर. अंतर म्हणाल तर एका एसटीचं; बोथ्याचा घाट उतरला की खामगाव आलंच. पण रोजची ये-जा माझ्या कमरेला झेपेना. म्हणून खामगावात एक खोली घेतली आणि सुटीला घरी जायचं असं ठरवलं.

खोली जुन्या कापूस बाजाराच्या मागच्या गल्लीत होती. घरमालकीण एकट्याच राहायच्या. वय बहात्तर, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. सगळी गल्ली त्यांना 'बाई' म्हणायची, मी काकू म्हणू लागले. माझ्या खिडकीतून एका बंद पडलेल्या जिनाची विटांची उंच चिमणी दिसायची. कापसातून सरकी काढायचा कारखाना म्हणजे जिन. अशी जिनं या गावात एके काळी पुष्कळ होती, असं जो तो सांगायचा.

पहिले दोन महिने मी गावावर रुसलेलीच होते. बुलढाण्याच्या हवेतून खाली उतरलं की अंगाला भट्टीची झळ लागावी तसं वाटायचं. त्यात त्या उन्हाळ्यात नळ आठ-दहा दिवसांनी यायचा. मधल्या दिवसांत बोअरचं पाणी, तेही खारट. त्यात चहा केला की दूध फाटल्यासारखं व्हायचं आणि तुरीची डाळ कुकरच्या सात शिट्ट्यांनंतरही भांड्यात खडखडायची.

माझं काम जुन्या नकाशांचं दप्तर सांभाळायचं. कोणी अर्ज केला की त्याच्या जागेचा नकाशा काढायचा आणि रीतसर नक्कल द्यायची. वीस-बावीस वर्षं हेच करत आले, पण खरं सांगायचं तर नकाशा मी कधी पाहिलाच नव्हता. पाहायचे ते फक्त नंबर. एक दिवस आमच्याच गल्लीतल्या एका घराचा अर्ज आला. कापडावर चिकटवलेला जुना कागद मी टेबलावर पसरला, नंबर सापडला, आणि सहज म्हणून काकूंचं घर शोधू लागले. तेही सापडलं. मग बोट तसंच गल्लीतून पुढे नेलं. गल्ली जिथे वळते तिथे एक बारीक गोल होता आणि गोलात टिंब. ही विहिरीची खूण. शेजारी कोणीतरी बारीक तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, 'गोड'.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्या वळणावर मी रोज जायचे. तिथे पिठाची चक्की आहे. माझी ज्वारी तिथेच दळली जायची. विहीर काही मी पाहिली नव्हती.

संध्याकाळी काकूंना विचारलं, "काकू, आपल्या वळणावर कधी विहीर होती का हो?"

"नाही बुवा," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आले त्याला पन्नास वर्षं झाली. मी तर नाही पाहिली."

"नकाशात आहे. बाजूला 'गोड' लिहिलंय."

काकू भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. 

"गोड?" त्या म्हणाल्या. "अगं, गोडी!"

मला काही कळेना. काकूंनी भाजीची परात बाजूला सरकवली. "माझ्या सासूबाई रोज दोनदा म्हणायच्या, 'मी गोडीकडे जाऊन येते.' सकाळी एकदा, दिवेलागणीआधी एकदा. यायच्या त्या खुशीत, गल्लीभरच्या बातम्या घेऊन. मी नवी नवरी. शाळेची नोकरी, सकाळी सातला घराबाहेर, तेही गल्लीच्या दुसऱ्या टोकानं; वळणाकडे माझं जाणंच नव्हतं. मला वाटायचं, गोडी म्हणजे त्यांची कोणी मैत्रीण. गोदावरीचं वगैरे लाडाचं नाव असेल."

"पण त्या हंडा घेऊन जात असतील ना?"

"हंडा असायचाच की! मला वाटायचं, तिच्याकडे नळाला पाणी चांगलं येत असेल." काकू आता हसू लागल्या होत्या, पण डोळ्यांत पाणीही होतं. "मला थोडा रागच यायचा त्या गोडीचा. सुनेशी दोन शब्द बोलायला वेळ नाही आणि गोडीकडे तासभर. वर्षभरातच आमची उंद्रीला बदली झाली, तिथे दहा वर्षं राहिलो. सासूबाई त्या काळात गेल्या. तेराव्याला आले तेव्हा मी मनात म्हटलंसुद्धा, ही गोडी काही भेटायला आली नाही."

त्या रविवारी मी बुलढाण्याला गेले नाही. नवऱ्याला फोन करून सांगितलं, एका विहिरीचं काम आहे. तो म्हणाला, "सुटीच्या दिवशी?" मी म्हटलं, "हो, ऑफिसचं नाही, माझं आहे." काकूंनी पायात चपलेऐवजी बूट घातले, पाण्याची बाटली घेतली आणि आम्ही दोघी सकाळी साडेसातला निघालो.

आधी चिमणीकडे गेलो. फाटकाशी एक म्हातारे चौकीदार खुर्ची टाकून बसले होते. आत जाऊ देईनात, पण बोलायला त्यांची ना नव्हती. विहिरीचं विचारल्यावर म्हणाले, "गोडी ना? हाव, ऐकलं हाय. माझा बाप इथं बॉयलरवर होता. तो सांगे, बॉयलरले खारं पानी चालत नाई, आत चुना धरते. गोडीचं पानी चाले. पन ते इहीर कुठं व्हती मले नाई ठाव. टेशनाकडं असन."

मग चांदीच्या गल्लीत. खामगावची चांदी दूरवर जाते, हे मला माहीत होतं. पण जी दुकानं मला माहीत होती ती काचेची, पुढच्या बाजूची. काकू मला मागच्या बोळात घेऊन गेल्या. तिथे एक वयस्क कारागीर जमिनीवर बसून पैंजणाला घासणी करत होते. त्यांनी नाव ऐकताच मान वर केली.

"गोडीचं पाणी आमच्या वडिलांना रोज दोन घागरी लागायचं," ते म्हणाले. "खाऱ्या पाण्यानं धुतली की चांदीवर पांढरे ठिपके उठतात. गोडीत धुतली की आरसा. आता आम्ही विकतचे जार आणतो."

"कुठे होती ती?" आम्ही दोघींनी एकदमच विचारलं.

त्यांनी घासणीच्या ब्रशने मागे दाखवलं. "तिथंच, तुमच्याकडंच. वळणावर." आणि पुन्हा खाली मान घालून कामाला लागले. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "पण बाई, फार विचारत फिरू नका."

तो शेवटचा शब्द मी ऐकला, पण मनावर घेतला नाही. मला दुसऱ्याच गोष्टीनं धरलं होतं. स्टेशनवर जाऊन आम्ही चहा घेतला. जलंबहून येणारी छोटी गाडी फलाटाला लागली होती, चार माणसं उतरली आणि फलाट पुन्हा मोकळा झाला. मी पिशवीतून कागद घेऊन काकूंना रेघा ओढून दाखवलं: इथे जिन, इथे सराफांचा बोळ, इथे आपली घरं, आणि सगळ्या वाटा येऊन मिळतात त्या इथे. आम्हाला वाटत होतं की या वस्तीचं कारण कापूस. कापूस होताच. पण जिनाला, चांदीला आणि वरणाला, तिघांनाही लागणारं पाणी त्या एका गोलात होतं. हा माझा आपला अंदाज, कुठे लिहिलेलं नाही. काकू म्हणाल्या, "तू आधी माझ्या वर्गात असायला हवी होतीस." एवढं कौतुक माझं नोकरीत कोणी केलं नव्हतं.

सोमवारी ऑफिसला जाताना चक्कीवर थांबले. चक्कीवाले भाऊ साठीच्या पुढचे, भुवयांवर कायम पीठ. मी अगदी उत्साहानं म्हटलं, "भाऊ, तुमच्या चक्कीपाशी एक विहीर होती म्हणे?"

त्यांनी पट्टा बंद केला. चक्कीचा आवाज हळूहळू उतरत गेला आणि सगळं शांत झालं.

"कोनं सांगतलं तुमाले?"

"नकाशात पाहिली."

"नाई," ते म्हणाले. "इथं काई नाई." आणि आत निघून गेले.

दोन दिवसांनी ज्वारी घेऊन गेले तर म्हणाले, पट्टा तुटला. मी डबा तिथेच ठेवून परतले, तर मागे चक्की सुरू झाल्याचा आवाज आला. भाजीवाली जी रोज हाक मारायची ती मान फिरवू लागली. समोरच्या घरातल्या सासू-सुना मला पाहून ओट्यावरून उठल्या. आठवडाभर मी विचार करत होते, माझं चुकलं काय? शेवटी काकूंनीच सांगितलं.

"तू कोणत्या ऑफिसात आहेस?"

"तुम्हाला माहीतच आहे की."

"मला माहीत आहे. गल्लीलाही माहीत आहे. तू विसरलीस." त्या शांतपणे म्हणाल्या. "नकाशाच्या ऑफिसातली बाई घरोघर विहिरीची चौकशी करत फिरली, तर लोक काय समजतील? मोजणी येणार. कोणाचा ओटा जाणार, कोणाची पायरी."

मला फार लाज वाटली. त्या रविवारी फिरताना मी स्वतःला पाहुणी समजत होते, नव्या गावात डोळे उघडे ठेवून हिंडणारी. लोक मात्र माझ्या पर्समधली टेप शोधत होते. सराफांच्या बोळातला तो सल्ला मला तेव्हा कळला.

मी जाऊन समजूत घालावी की गप्प बसावं, हे ठरेना. तेवढ्यात एक दिवस दुपारी, मी रजेवर घरी असताना, चक्कीवाल्या भाऊंच्या बायकोच दारात आल्या. डोक्यावर पदर, हातात माझा ज्वारीचा डबा. दळून आणलेला. डबा खाली ठेवून त्यांनी सरळ विचारलं, "ताई, मोजणी कधी येऊन राह्यली?"

"मोजणी नाही हो, वहिनी. कसलीच नाही."

"मंग काऊन इचारून राह्यल्या होत्या?"

"सहज. मला जाणून घ्यायचं होतं."

"नुसतं?"

"नुसतं."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू म्हणत होत्या, इतकं शिकून ही बाई अशी कशी खोटं बोलते. मग मी त्यांना खाली बसवलं, पाणी दिलं आणि काकूंच्या सासूबाईंची गोष्ट सांगितली. गोडी नावाची मैत्रीण, तिच्याकडचा नळ, तेराव्याला न आलेली गोडी. वहिनी आधी नुसत्या ऐकत होत्या. तेराव्यापाशी आले आणि त्यांना हसू फुटलं. पदर तोंडाशी धरला तरी थांबेना. शेजारच्या खोलीतून काकू आल्या, "काय झालं?" म्हणाल्या, तर वहिनी त्यांच्याकडे बोट दाखवून आणखीच हसू लागल्या. "बाई, तुमी सायन्स शिकवत होत्या ना वो!"

हसणं ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "हाय ते. आमच्या चक्कीखालीच हाय."

त्यांनी जे सांगितलं ते असं. नळ आले तसं विहिरीवर कोणी येईना. लोक कचरा टाकू लागले. लेकरू पडेल म्हणून गल्लीनंच वरून फरशा टाकल्या. वहिनींच्या सासऱ्यांकडे तेव्हा जागा नव्हती. त्यांनी त्या फरशांवर चक्की मांडली. कोणी अडवलं नाही, कोणी कागदही दिला नाही. "तवापासून आमचा माणूस भेतो," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाली. कोनी शर्ट-प्यांटवाला दिसला की त्याले वाटते, आला."

"मी येऊ का भाऊंशी बोलायला?"

"मंगळवारी या. चक्की बंद रायते."

मंगळवारी ऑफिसातून थोडी लवकर निघून मी काकूंबरोबर गेले. भाऊ पाटीवर पाटी ठेवून काही तरी आवरल्यासारखं करत होते. मी मनात पुष्कळ वाक्यं जुळवली होती, पण तोंडून एवढंच निघालं, "भाऊ, माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला. पण एक सांगते. ती विहीर नकाशात आहेच. तुमच्या जन्माच्या आधीपासून. मी सांगायची गरजच नाही. ज्याला पाहायची त्याला केव्हाही दिसते."

त्यांनी हातातली पाटी खाली ठेवली. "म्हंजे तुमच्या ऑफिसाले ठाव हाय?"

"कागदाला ठाऊक आहे. कागद माझ्या कपाटात आहे. इतकी वर्षं कोणी उलगडून बघितला नाही."

"आन् आमी इथं..." ते म्हणाले. एका पोत्यावर बसले. पिठाच्या हातानं त्यांनी कपाळ पुसलं. वहिनी म्हणाल्या, "पाहा, म्या सांगत होती." काय सांगत होत्या ते त्यांनी सांगितलं नाही, पण भाऊंना ते माहीत असावं.

मग ते उठले. मागच्या भिंतीशी गव्हाची पोती होती ती त्यांनी एकेक बाजूला केली, आम्हाला हात लावू दिला नाही. खाली लोखंडी पत्रा होता. पत्रा सरकवल्यावर दोन फरशांमधली एक खाच दिसली, हातभर लांब. आतून गार हवा आली. मे महिन्यातल्या त्या खोलीत ती हवा पायांना लागली आणि आम्ही चौघंही नकळत जवळ सरकलो. भाऊंनी मोबाइलचा उजेड आत धरला. दगडी बांधकाम, एकावर एक नीट बसवलेलं, आणि खाली, फार खोल नाही, पाणी. काळं, हलणारं.

काकू गुडघे धरून खाली बसल्या. खाचेला डोळा लावून त्यांनी आत पाहिलं. "या होय गोडी," त्या म्हणाल्या, जणू कोणी ओळख करून दिली होती.

दोरीला स्टीलची बरणी बांधून आम्ही पाणी काढलं. दिसायला स्वच्छ होतं, थोडा मातीचा वास. प्यायला काकूंनी साफ मनाई केली. उकळून बघायचं म्हणाल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात मग रीतसर प्रयोग झाला. दोन पातेली, दोन शेगड्या, मोजून सारखी डाळ. एकात बोअरचं पाणी, एकात गोडीचं. काकू हातात घड्याळ घेऊन उभ्या, भाऊ आणि वहिनी दाराशी, जणू निकाल लागायचा होता.

पाऊण तास झाला. काकूंनी पळीनं दोन्हीतली डाळ काढून बोटांनी दाबली. दोन्ही सारख्याच कडक.

"ह्याच्यासाठी सासूबाई दोनदा जायच्या?" त्या म्हणाल्या. चेहरा असा पडला होता की मला हसावं की रडावं कळेना.

भाऊंना मात्र त्याचं काही वाटलं नाही. पहिल्यांदाच मी त्यांना मोकळेपणानं बोलताना ऐकत होते. "बाई, इहिरीले उपसा पायजे. चाळीस वर्षं कोनी हात नाई लावला, पानी कसं गोड राहीन? आटवा, उपसा, नवं पानी येऊ द्या. मंग पाहा."

पुढच्या आठवड्यात ते आमच्या ऑफिसात आले. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले, भुवया पहिल्यांदा काळ्या दिसल्या. खिडकीपाशी येऊन त्यांनी अनोळखी असल्यासारखा अर्ज पुढे केला: वळणावरच्या जागेच्या नकाशाची नक्कल मिळावी. मीही अनोळखी असल्यासारखा तो घेतला आणि नियमाप्रमाणे चौथ्या दिवशी नक्कल दिली. त्यांनी ती खिडकीपाशीच उलगडली, गोल शोधला आणि त्यावर बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले. मागे रांग होती. कोणी तरी "चला ना वो काका" म्हणालं, तेव्हा हलले.

ती नक्कल घेऊन ते गल्लीतल्या चार घरी गेले. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मला मुद्दामच बोलावलं नाही, आणि तेच बरं झालं. पण पावसाळ्याआधी चक्की खोलीच्या पुढच्या अर्ध्या भागात सरकली, मागच्या फरशांपैकी एक निघाली आणि तिथे मोटार बसली. पाच दिवस नुसता उपसा चालला. गाळ निघाला, जुने डबे निघाले, एक पितळी फुलपात्र निघालं ज्यावर कोणाचंच नाव नव्हतं. ते काकूंनी मागून घेतलं आणि चिंचेनं घासून शोकेसमध्ये ठेवलं.

माझी बुलढाण्याला परत बदली करून घ्यायची मुदत त्याच सुमाराला आली. अर्ज भरला नाही. नवरा म्हणाला, आणखी कोणती विहीर सापडली का? मी म्हटलं, अजून हीच पुरती कळली नाही. दर सुटीला घाट चढून जाते, उतरून येते. खामगावची गरमी अजून सोसत नाही, पण आता शिव्या देत नाही.

पाणी अजून पिण्यासारखं नाही. काकूंनी ते तपासायला पाठवलं होतं. क्षार कमी झालेत, पण थांबा, असं उत्तर आलं. मात्र नळ येत नाही त्या दिवसांत धुण्याभांड्याला गल्लीतल्या घरांना तिथून मिळतं. सकाळी सात ते आठ. वहिनी मोटार चालू करतात, काकू वही घेऊन नंबर पुकारतात. चांदीच्या बोळातले कारागीरही एकदा घागर घेऊन आले होते. धुऊन पाहिलं, ठिपके पडले, पण कमी पडले म्हणाले.

गेल्या आठवड्यात नंबरावरून पहिलं भांडण झालं. भाजीवालीनं हंडा पुढे घातला, समोरच्या घरातल्या सुनेनं तो उचलून मागे ठेवला, आणि दोघींचा आवाज पार बाजारापर्यंत गेला. सुटीचा दिवस, मी कुलूप लावून बुलढाण्याला निघाले होते. भाजीवालीनं मला पाहिलं आणि हाक मारली.

"ओ म्याडम! तुमीच सांगा, नंबर कोनाचा हाय? तुमच्या नकाशात लिवलं असन ना ते!"

मी सांगितलं, नाही लिहिलेलं. मग हंडा खाली ठेवून त्या पुन्हा भांडू लागल्या, आणि मी बसस्टँडच्या रस्त्याला लागले.